कान की तोंड

इंग्रजीत ‘पाय’ या उच्चाराला दोन अर्थ आहेत. स्वयंपाकघरात तो फळांचे सारण भरून भाजलेला एक पदार्थ असतो, आणि भूमितीच्या तासाला तो वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की हाती येतो. मराठीत मात्र पाय म्हणजे पाय. त्यामुळे रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आहे असे प्रथम कानी आले तेव्हा तो चालतो की काय, अशी एक बालिश शंका माझ्या मनाला चाटून गेली. तो चालत नाही. पण त्याला पाय आहेत, आणि तेही थोडेथोडके नव्हेत, चांगले चाळीस!

ही वस्तू म्हणजे एक हिरवी पाटी. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६, बँकेच्या कार्डाएवढी. पडदा जोडावा, कळफलक जोडावा, की ती इतर संगणकांसारखी लिहूवाचू लागते. त्यात नवल नाही. नवल आहे ते तिच्या एका लांब कडेला. तिथे फणीच्या दात्यांसारखे चाळीस काटे दोन ओळींत उभे असतात. जाणते लोक त्यांना पिना म्हणतात. आमच्या शाळेतली मुले पाय म्हणतात. बाकीचे संगणक म्हणजे बंद दाराचे वाडे. आत काय चालले आहे ते मालकालाही ठाऊक नसते. या पाटीने आपल्या शिरा उघड्या ठेवल्या आहेत. तिथे एक तार खोवावी आणि बाहेरच्या जगात हात घालावा.

हा उद्योग केंब्रिजच्या काही मंडळींचा. संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली आहे, आणि जी येतात त्यांनी यंत्राशी पूर्वीच्या मुलांसारखी खुडबूड केलेली नसते, असे ईबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. पूर्वीच्या, म्हणजे १९८१ साली निघालेल्या बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर वाढलेल्या. तेव्हा मुलांना परवडेल आणि बिघडला तर आईबाप रागावणार नाहीत असा एक संगणक करावा, असे त्यांनी ठरवले. पहिली पाटी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आली. किंमत ३५ डॉलर. (ज्याचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो त्याला जन्म देणारी माणसे काटकसरीच असली पाहिजेत.) नावातला ‘पाय’ आला तो पायथॉन या भाषेवरून. आरंभी काटे २६ होते. २०१४ साली चाळीस झाले, ते आजतागायत तेवढेच आहेत.

आमच्या शाळेला अशा दोन पाट्या एका जुन्या विद्यार्थ्याने पुण्याहून पाठवल्या. विज्ञानाच्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन बसायचे ठरवले. मी मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. मला तिथे बसवले ते शिस्त राखण्यासाठी. पण मुले इतकी गर्क झाली की राखायला शिस्तच उरली नाही, आणि रिकामा बसलेला मास्तर करील ते मी केले. ऐकू लागलो.

त्या दहाबारा मुलांत आठवीतली एक मुलगी होती. तिची गैरहजेरी मला हजेरीपटावर पाठ झाली होती. ती कोणत्या एका वाराला येत नसे असे नव्हे. या आठवड्यात शुक्रवार, पुढच्यात गुरुवार, मग बुधवार, अशी ती गैरहजेरी पटावर तिरपी उतरत जाई. आमच्या गावात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. नळाला पाणी सहाव्या दिवशी येते. कोणत्या दिवशी ते ठरलेले, किती वाजता ते कोणी सांगावे? पहाटे येईल, दुपारी येईल, दिवेलागणीलाही येईल. आले म्हणजे तास-दीड तास. तो हुकला की पुढचे सहा दिवस शेजाऱ्यांच्या दारात कळशी घेऊन उभे राहायचे. हिची आई मोलमजुरीला जाते, वडील मालमोटारीवर असतात. घरी आजी. आजीला नळाशी जाऊन पिंपात नळी सोडणे जमते, पण गुडघे असे की दिवसातून एकदाच जमते. पाणी आले का हे पाहायला दर घटकेला उठून बाहेर जाणे तिच्याच्याने होत नाही. आणि नळ घराबाहेर, गल्लीच्या कडेला, कमरेइतक्या खड्ड्यात. दाब कमी म्हणून आमच्याकडे नळ असेच खाली खाली उतरत गेले आहेत. तेव्हा ‘आलं का?’ हे पाहण्यासाठी एक माणूस घरी लागे. ते माणूस ही मुलगी.

पहिल्या शनिवारी बाईंनी चाळीस पायांची ओळख करून दिली. सगळेच कामाचे नसतात. दोन पाच व्होल्ट देतात, दोन ३.३ व्होल्ट देतात, आठ जमिनीचे, म्हणजे वीज जिथे परत जाते तिथले, आणि दोन पाटीने स्वतःसाठी राखून ठेवलेले. उरले २६. हे सव्वीस मोठे गमतीचे. यांतल्या कोणालाही सांगावे की तू तोंड हो, तो तोंड होतो. कान हो म्हणावे, कान होतो. तोंड झालेला काटा आपण सांगू तेव्हा ३.३ व्होल्ट बाहेर टाकतो, सांगू तेव्हा थांबतो. कान झालेला काटा त्याच्यावर बाहेरून काय आले एवढे आत कळवतो. एका वेळी मात्र दोहोंपैकी एकच. बोलत असताना ऐकणे त्याला येत नाही.

इथे एक घोटाळा आहे. प्रत्येक काट्याला दोन क्रमांक. एक तो ओळीत कितवा उभा आहे त्याचा, दुसरा आतल्या चिपच्या दप्तरी त्याची नोंद आहे तो. ओळीतला अकरावा काटा दप्तरी सतरा आहे, सातवा दप्तरी चार. मुले यावर कुरकुरली. ती मुलगी म्हणाली, “आमच्या गल्लीत असंच आहे, सर. नगरपालिकेचा नंबर वेगळा, आणि पोस्टमन विचारतो तो वेगळा.” त्यानंतर कोणी कुरकुरले नाही.

तोंडाचे काम सोपे निघाले. एक एलईडी, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा दिवा. विजेचा लोंढा आवरावा म्हणून त्याच्या वाटेत एक ३३० ओहमचा अडसर. आणि पायथॉनच्या चार ओळी. पहिलीत हत्यारे मागवायची, दुसरीत सतरा नंबरला दिवा जोडला आहे असे सांगायचे, मग लाव आणि विझव. दिवा लागला. टाळ्या पडल्या. मलाही खोटे कशाला सांगू, बरे वाटले. पण दिवा लागणे हा अनुभव आमच्या गावाला नवा नाही, आणि हुकूम सोडला की तो पाळला जातो याचे अप्रूप मास्तराला तर मुळीच नसावे. पोरांचे डोळे लगेच मोठमोठ्या गोष्टींकडे गेले. एकाला शेतावरची मोटार चालू करायची होती. त्याला बाईंनी तिथेच बसवले. एक काटा फार तर १६ मिलिअँपिअर प्रवाह सोसतो. एवढ्याशा जिवाकडून मोटार ओढवत नाही, मधे रिले लागतो, आणि रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट असतात. “त्या बाजूला आपण जायचं नाही,” बाई म्हणाल्या, आणि तो नियम आजवर मोडलेला नाही. तरी एक पाटी पहिल्या महिन्यात गेलीच. पाच व्होल्टचे दोन काटे अगदी कोपऱ्यात, कामाच्या काट्यांना खेटून आहेत. तिथली तार शेजारच्याला लागली. ३.३ व्होल्टवर जगणाऱ्याला पाच सोसत नाहीत. आवाज नाही, धूर नाही. पाटी गप्प झाली ती झालीच.

राहिलेल्या एका पाटीवर कानाचा धडा सुरू झाला, आणि खरी मौज तिथून पुढे आहे.

बाईंनी एका काट्याला कान केले, त्याला कशालाही जोडले नाही, आणि तो काय ऐकतो ते पडद्यावर लावले. मला वाटले, काही जोडले नाही म्हणजे काही ऐकू येणार नाही, शून्य. छे! पडद्यावर शून्य, एक, एक, शून्य, एक असा पाऊस सुरू झाला. कोणी हात जवळ नेला की आकडे बदलत. पंखा लावला की बदलत. जो कान कशालाच बांधलेला नाही तो गप्प बसत नाही, तो साऱ्या आसमंताची कुजबुज ऐकतो आणि प्रत्येक कुजबुजीला होकार-नकार देत सुटतो. अशा काट्याला तरंगता काटा म्हणतात. त्यावर उपाय असा की त्याला आतूनच एका मोठ्या अडसरातून, पन्नास हजार ओहमच्या आसपासच्या, ३.३ व्होल्टला हलकेच बांधून ठेवायचे. मग कोणी काही सांगत नाही तोवर तो एकसारखा ‘एक’ म्हणत राहतो. बाहेरून कोणी त्याला जमिनीशी जोडले, म्हणजे ठामपणे सांगितले, की तो ‘शून्य’ म्हणतो. बांधणे हलके हवे. घट्ट बांधला तर कोणाचे ऐकणार नाही, मोकळा सोडला तर सर्वांचे ऐकेल.

मुलीने हात वर केला. “पाण्यातून वीज जाते ना, बाई?”

तिचे सारे त्या प्रश्नात होते. घरातले दोन स्टीलचे चमचे तिने आणले. एक काट्याला जोडला, एक जमिनीला, आणि दोन्ही एका पेल्यात बोटभर अंतरावर धरले. पेल्यात पाणी ओतताच पडद्यावरचा एक जाऊन शून्य आला. नळाच्या पाण्यात क्षार असतात, ती वीज जाऊ देते, आणि आतल्या त्या हलक्या गाठीपेक्षा पाण्याचा ओढा जास्त भरला. त्या दिवशी ती घरी जाताना चमचे विसरून गेली, इतकी घाईत होती.

माघात चमचे खड्ड्यात उतरले. तिथून चाळीस फूट तार खिडकीत, खिडकीत पाटी, पाटीच्या दुसऱ्या एका काट्याला, तोंडाला, एक बझर. बझर काट्याच्या कुवतीबाहेरचा, म्हणून मधे एक ट्रान्झिस्टर. लहानाच्या इशाऱ्यावर मोठे काम करणारा. पहिल्या नळाच्या दिवशी बझर वाजला, आजी उठली, पिंप भरले. पण तो वाजतच राहिला. पाणी होते तोवर, दीड तास! गल्लीतली कुत्री भुंकू लागली. शेवटी आजीने तो पलंगावरच्या वाकळेत गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडे आली, विज्ञानाच्या बाईंकडे नव्हे. म्हणाली, “सर, त्याला ‘पाणी आहे’ कळतं. ‘पाणी आलं’ कळत नाही.”

क्रियापदांचे काळ मी वीस वर्षे शिकवतो आहे. ‘आहे’ आणि ‘आले’ यांतला भेद समजावायला मी फळ्यावर काय काय लिहिले असेल! एक स्थिती आहे, दुसरी घटना. स्थिती पसरलेली असते. घटना एका क्षणाच्या टोकावर असते, त्याच्या आधी एक असते आणि नंतर दुसरेच. हा भेद यंत्राला शिकवल्याशिवाय आजीला झोप मिळणार नव्हती. पाटीला तो शिकवता येतो. काटा काय म्हणतो आहे हे पाहण्याऐवजी तो एकाचा शून्य केव्हा झाला, तो काठ ओलांडण्याचा क्षण, तेवढाच पकडायचा, आणि तेवढ्यावर बझर वीस सेकंद वाजवायचा. तिने ते आठ ओळींत लिहिले. माझ्या मते वर्षभरात तिने लिहिलेल्या साऱ्या निबंधांपेक्षा ते लिखाण सरस होते.

मग अवकाळी पाऊस आला, आणि बझर रात्रभर आठवण झाल्यासारखा मधूनमधून वाजला. खड्ड्यात चिखल झाला होता, चमच्यांमधून ओल झिरपत होती. पाटीच्या काट्याला ‘ओलसर’ हा शब्द ठाऊक नाही. त्याला दोनच शब्द येतात. मधला अर्धवट दाब आला की तो कधी हा शब्द म्हणतो, कधी तो. त्यात चाळीस फुटांची ती तार शेजारच्या मिक्सरचीही भर घाली. शेजारणीने चटणी वाटली की आजी पिंपाकडे जाई. आजी तिसऱ्यांदा उठून रिकाम्या हाताने परत आली तेव्हा म्हणाली, “हे खोटं बोलाया लागलं. यापरीस पोरगी बरी व्हती.” त्या आठवड्यात हजेरीपटावर पुन्हा तिचा खाडा पडला.

ऐकणे ही गोष्ट इतकी अवघड असेल असे मला खरोखर वाटले नव्हते. दिवा लावायला अर्धा तास पुरला होता. ऐकण्यात चैत्र गेला, वैशाख गेला. पुण्याला बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत, विजेचे सुटे सामान मिळते. तिथून त्या माजी विद्यार्थ्याने एक तरंगता खटका धाडला. पाणी चढले की त्याचा लोलक वर उचलला जातो आणि आतल्या दोन पात्या चिकटतात. आता पाण्यातून वीज नेण्याचा प्रश्न राहिला नाही, म्हणून काट्याची गाठ घट्ट करता आली. पन्नास हजार ओहमच्या जोडीला बाहेरून एक हजारांचा अडसर लावला. मिक्सरची कुजबुज बंद झाली.

खटका ठेवायचा कशात? नळाखाली एक डबा ठेवला. पण एकदा भरलेला डबा भरलेलाच राहणार, लोलक वरच राहणार, आणि सहा दिवसांनी पाणी आले तरी काठ ओलांडायला काठच उरणार नाही. यावर सगळे डोके खाजवत बसले. तोड काढली आजीने. तिने खिळा मागवला आणि डब्याच्या बुडाला भोक पाडले. नळाचे पाणी भोकापेक्षा जास्त येते, तोवर डबा भरलेला. नळ गेला की डबा हळूहळू आपला आपण रिकामा. लग्नघटिका मोजायला पूर्वी पाण्यावर भोकाचे वाडगे सोडत, ते घटिकापात्र मला आठवले. आजीला बहुधा दह्याचे मडके आठवले असेल.

एक शेवटची खोड राहिली. खटक्याच्या पात्या चिकटताना एकदम चिकटत नाहीत; काही मिलिसेकंदांत पाचसात वेळा उडतात आणि मग स्थिर होतात. शाळेत एका मुलाने बटण दहा वेळा दाबले तेव्हा पाटीने तेवीस मोजले होते ते यामुळेच. इथे त्यात पाण्याच्या हेलकाव्यांची भर, शिवाय नळाला पाण्याआधी हवा येते. फुसफुसत चार थेंब उडवते आणि थांबते. म्हणून मुलीने ठरवले की काट्याने ‘आले’ म्हटले तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. तीन सेकंद थांबायचे, पुन्हा विचारायचे, तेव्हाही तेच उत्तर आले तर वाजवायचे. वीज जाते त्याचीही सोय झाली, मोबाइल भारायची एक पेटी मधे ठेवून. वीज गेली की पाटी क्षणभर बेशुद्ध पडते, पण अर्ध्यापाऊण मिनिटात शुद्धीवर येऊन आपले काम स्वतःच पुन्हा हाती घेते.

मृगाच्या आसपास शाळा उघडली तेव्हापासून हे चालले आहे. मी आजीला भेटायला गेलो होतो. खिडकीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, औषधाच्या खोक्यात पाटी ठेवलेली. खोक्याला वाऱ्यासाठी भोके, तीही आजीनेच पाडलेली. “गुरुजी, आता त्ये वरडलं की मी उठते, आन् खरंच पाणी असतं बगा,” ती म्हणाली. नंतर जरा थांबून, “पोरगी साळंत असती तवाबी मला सोबत वाटतीया त्येची.”

हे सारे एका आजीपुरते असेल असे मला वाटत होते. गल्लीचा हिशेब वेगळाच निघाला. त्यांचा खड्डा गल्लीच्या उताराला, त्यामुळे पाणी प्रथम तिथे पोचते. आता बझर वाजला की वरच्या घरांतून बायका कळशा घेऊन बाहेर पडतात. पूर्वी दहा घरांत दहाजणी ताटकळत. आता एकच कान जागा असतो. रात्री दोनला पाणी आले तर मात्र त्या तोंडाबद्दल तक्रारी येतात. पलीकडे बारावीचा मुलगा आहे, त्याच्या वडिलांनी आवाज कमी करायला सांगितले आहे, आणि कोपऱ्यावरच्या काकूंनी वाढवायला.

हजेरीपटावरची तिरपी ओळ आषाढात संपली. श्रावणात एकदा ती आली नाही तेव्हा मी विचारपूस केली, ताप होता. तापाच्या चिठ्ठीने इतका आनंद झालेला मास्तर बहुधा मीच.

सध्या तिला ‘किती’ हवे आहे. पाणी आले हे कळते. पिंपात किती भरले ते कळत नाही, आणि आजीला डोळ्यांनी कमी दिसते. पाटीच्या सव्वीस काट्यांना ‘किती’ कळत नाही, त्यांचे सारे हो-नाहीवर चालते. त्यासाठी एमसीपी३००८ नावाची एक चिप मिळते. ती मधे बसून दाबाचे माप घेते आणि शून्यापासून १०२३ पर्यंतचा आकडा पाटीला सांगते. ती पुण्याहून आली आहे. सोळा पायांची आहे, मी मोजले. सहामाही परीक्षा होईपर्यंत ती माझ्या टेबलाच्या खणात राहील असे मी वर्गात जाहीर केले. मुलीने ते निमूटपणे ऐकून घेतले, खणाला कुलूप आहे की नाही तेवढे पाहिले, आणि ती जागेवर जाऊन बसली.